धाकटीचा आकडा

तिला सगळे धाकटी म्हणतात. वय चोपन्न, केस निम्म्याहून जास्त पांढरे, स्वतः सासू होऊन चार वर्षं झाली, तरी धाकटीच. पस्तीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा थोरली जाऊ आधीपासून होती, म्हणून ही धाकटी. आणि एकदा चिकटलेलं नाव काय असं सुटतंय होय! दूधवाला, पोस्टमन, पाणी सोसायटीचा कारकून, सगळ्यांच्या तोंडी तेच. भात संशोधन केंद्राच्या हजेरीपत्रकावर तिचं खरं नाव लिहिलेलं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून.

काम काय करता, असं कोणी विचारलं की ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते, "चिखलाचं पादणं मोजते."

हसू नका, तंतोतंत खरं आहे. भाताच्या खाचरात पाणी तुंबून राहिलं की खालच्या चिखलाला हवा मिळत नाही. मग तिथले जिवाणू कुजलेल्या पेंढ्यावर ताव मारतात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. तो भाताच्या दांड्यातून आणि बुडबुड्यांतून वर येतो आणि हवा तापवतो. लावणी करणाऱ्या बायकांना मिथेन माहीत नव्हता, पण बुडबुडे चांगले माहीत होते. चिखलात पाय रोवला की बोटांच्या फटींतून ते गुदगुल्या करत वर येतात. लहानपणी धाकटी आणि तिच्या बहिणी 'चिखल पादला, चिखल पादला' करून ओरडायच्या आणि एकमेकींकडे बोट दाखवायच्या.

केंद्रातल्या मॅडम सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या, त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. तिसऱ्याच पावलाला अडकल्या. पाय वर आला, बूट खालीच राहिला. धाकटी शेजारच्या खाचरात लावणी करत होती. तिने आधी मॅडमना बाहेर काढलं, मग कोपरापर्यंत हात घालून बूट काढला आणि मग विचारलं, "एवढं काय शोधताय, बाई?"

मॅडमनी समजावून सांगितलं. धाकटी इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. पण हसून झाल्यावर तिने एकेक करून असे प्रश्न विचारले की मॅडम वही काढून तिच्या शेजारी बसल्या. कोणत्या खाचरात बुडबुडे जास्त येतात, पेंढा गाडल्यावर किती दिवसांनी येतात, पाणी आटलं की कधी थांबतात, हे त्या बाईच्या पायांना पाठ होतं. पुढच्या आठवड्यात मॅडम घरी आल्या. त्यांना असं माणूस हवं होतं, जे चिखलात न पडता चालेल, अर्धा तास न हलता बसेल आणि लिहील. धाकटी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर मात्र असं टपोरं आणि सरळ, की घरातले सगळे अर्ज तिच्याच हातचे. नवरा पंपघरावर कामाला, बोलण्यात अगदी काटकसरी माणूस. त्याने एवढंच विचारलं, "तुला करायचंय?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मग झालं."

काम असं. केंद्राची दोन खाचरं शेजारी शेजारी. एकात पाणी कायम भरलेलं, जसं सगळे ठेवतात तसं. दुसऱ्यात पाणी उतरवायचं, म्हणजे चिखलाला हवा लागून वायू कमी सुटतो का ते बघायला. तिथे चिखलात भोकाभोकांची एक प्लास्टिकची नळी उभी पुरलेली. नळीत डोकावलं की जमिनीखाली पाणी कुठपर्यंत गेलंय ते दिसतं. एक वीतभर खाली गेलं की पुन्हा भरायचं, पुन्हा उतरू द्यायचं. फक्त भात फुलोऱ्यात असताना पाणी हलवायचं नाही. दोन्ही खाचरांत भाताच्या काही झुपक्यांवर पारदर्शक पेटी उलटी ठेवायची आणि फळीवर बसून, घड्याळ बघून, दर दहा मिनिटांनी सिरिंजने पेटीतली हवा ओढायची. ती काचेच्या कुपीत भरायची, कुपीवर चिठ्ठी लावायची आणि वहीत तारीख, वेळ, तापमान लिहायचं. शेवटचा रकाना 'शेरा'. काही वेगळं घडलं तर तिथे लिहायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, फळीवरून पाय खाली टाकायचा नाही. चिखल हलला की बुडबुडे फुटतात आणि आकडा खोटा येतो."

पहिले काही दिवस सिरिंज ओढताना हवा कमी-जास्त यायची. पुढे हात असा बसला की मॅडम नव्या लोकांना शिकायला तिच्याकडे पाठवू लागल्या. त्या वहीचा तिला फार अभिमान. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. पावसाळी दिवसांत ती वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी जेवणाच्या डब्यात ठेवायची आणि स्वतःची भाकरी कागदात गुंडाळून न्यायची.

हे सगळं छान चाललं होतं, पण घोडं अडलं होतं घरातच. थोरले भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, वय एकाहत्तर, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. कालव्याचं पाणी आधी त्यांच्या खाचरात यायचं आणि त्यांच्या बांधातून पुढच्यात, तिथून पुढच्यात, असं करत बाराव्या खाचरात, म्हणजे धाकटीच्या. मधले सगळे पाणी उतरवायला तयार झाले होते. पण वरचं खाचर दिवसरात्र काठोकाठ भरलेलं असेल तर खालच्यांनी उतरवायचं तरी कसं? वरून झिरपत राहणारच. थोरल्यांनी होकार दिल्याशिवाय बाकी अकरांचा होकार फुकट होता.

"पाणी म्हणजे भाताचं अंथरूण," थोरले म्हणायचे. "ते ओढून घेतलंस तर झोपेल कसं ते?"

"भाताने झोपायचं नसतं भाऊजी, उभं राहायचं असतं," धाकटी म्हणायची.

थोरली जाऊ पदराआड हसायची आणि चहा पुढे करायची. पण थोरले काही बधत नव्हते. शेवटी एका सकाळी ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, त्यांनी शर्त लावली. "हे बघ धाकटे, तुझ्या त्या वायूत थोडाफार फरक काय, वारा फिरला तरी पडेल. वायू कमी झाल्याचा यंदाचा आकडा अर्ध्याच्या वर गेला, तर मी माझं पाणी उतरवीन. अर्ध्याच्या आत राहिला, तर या घरात पुन्हा त्या नळीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

धाकटी म्हणाली, "कबूल." थोरल्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिचाही.

त्या हंगामात तिने जीव ओतला. उन्हात, भुरभुर पावसात, एकदा तर अंगात कणकण असताना. आणि त्याच हंगामात, लावणीनंतरच्या अठ्ठावन्नाव्या दिवशी, तिच्या हातून ते घडलं.

ती भरलेल्या खाचरात फळीवर बसली होती. दुसरी कुपी भरून झाली होती, तिसरीला सात मिनिटं होती. पेटीच्या अगदी कडेला एक तण माजलं होतं, हिरवंगार, भातापेक्षा वीतभर उंच. आता, चाळीस वर्षं जिने भात लावलं आणि निंदलं, तिच्या समोर तण डोलतंय आणि तिने नुसतं बघत बसायचं, हे कसं शक्य आहे? डोकं काही म्हणायच्या आत हात गेला. तण खोल रुजलेलं, उपटेना. म्हणून एक पाय फळीवरून खाली, चिखलात, जोर लावायला. तण मुळासकट आलं. तिने ते झटकून बांधावर भिरकावलं, पाय वर घेतला, फळीवर पुसला. खाली बुडबुड झालं आणि तिला आपल्या बहिणी आठवून हसूही आलं. मग घड्याळात बघून तिने तिसरी कुपी भरली, चौथी भरली आणि शेऱ्यात लिहिलं, 'काही नाही'. तिला खरंच वाटलं काही नाही. श्वास घेतला हे का कोणी वहीत लिहितं?

कापणी झाली. भाताचा उतारा दोन्ही खाचरांत सारखाच निघाला. कुप्यांमधली हवा केंद्राच्या यंत्रातून गेली आणि एका दुपारी पाणी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर पांढरा पडदा. पहिल्या रांगेत थोरले, हातात छत्री उभी धरून. धाकटी मागच्या रांगेत नवऱ्याशेजारी, वही मांडीवर घेऊन.

मॅडम म्हणाल्या, "पाणी उतरवलेल्या खाचरातून मिथेन किती कमी गेला? छप्पन्न टक्के कमी."

हॉलमध्ये एकच गलका झाला. मधल्या खाचरांचे मालक टाळ्या पिटायला लागले. थोरले सावकाश उठले. 

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "मी हरलो. या हंगामापासून माझं पाणी उतरेल. आण गं धाकटे तुझी ती नळी."

धाकटीला उठावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, काय काय वाटलं!  सहा वर्षांचं ऊन तिथल्या तिथे विसरली ती. नवऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला, चारचौघांत, हयातीत पहिल्यांदा. आणि त्याच वेळी तिची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर ठिपके होते. भरलेल्या खाचराचे लाल, उतरत्याचे निळे. लाल ठिपके एका रांगेने डोंगरासारखे चढत आणि उतरत गेले होते. पण एक लाल ठिपका सगळ्यांना सोडून पार वर, पडद्याच्या टोकाला जाऊन बसला होता. खाली दिवस लिहिला होता, अठ्ठावन्न. धाकटीच्या पायाच्या बोटांमधून बुडबुडे गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, कोरड्या चपलेत.

आता कोणी सांगा, कोणाला कळणार होतं? मॅडमना वाटलं होतं, भरलेल्या खाचरात असे बुडबुडे कधी कधी आपोआप फुटतात, म्हणून त्यांनी तो ठिपका ठेवला होता. वहीत लिहिलं होतं, काही नाही. तण बांधावर वाळून केव्हाच माती झालं होतं. थोरले सगळ्यांसमोर 'हरलो' म्हणून मोकळे झाले होते. गप्प बसणं एवढंच काम होतं, आणि बाराच्या बारा खाचरांचं पाणी उतरणार होतं. काम तर चांगलंच होतं ना? धाकटीने हे सगळं मनाशी म्हणून बघितलं. दोनदा म्हणून बघितलं. मग मांडीवरची वही तिला इतकी जड झाली की ती उभी राहिली.

"मॅडम, तो वरचा ठिपका काढा."

"का हो मावशी?"

"तो चिखलाचा नाही, माझा आहे. त्या दिवशी मी फळीवरून पाय खाली टाकला होता. तण उपटायला. बुडबुडे माझ्या पायाने फुटले. शेऱ्यात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. चूक माझी."

  मॅडमनी कॉम्प्युटर जवळ ओढला, तो दिवस गाळला आणि हिशेब पुन्हा लावला. सगळ्यांच्या माना पडद्याकडे. छप्पन्न गेले आणि तिथे आले चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस टक्के," मॅडम म्हणाल्या. आवाज लहान झाला होता, पण त्यांनी तो आकडा नीट, स्पष्ट उच्चारला. "हाच खरा आकडा."

थोरले अजून उभेच होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. "म्हणजे मी हरलो नाही," ते म्हणाले, आणि छत्री टेकत निघून गेले.

मागे कोणीतरी कपाळावर हात मारला. "काय बाई आहे! घास तोंडाशी आलेला..." मधल्या खाचरांचे मालक एकेक करून उठले. धाकटी तिथेच बसून राहिली. तिने वही उघडली, अठ्ठावन्नाव्या दिवसाच्या 'काही नाही'वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'फळीवरून पाय खाली टाकला. तण उपटलं.' सहा वर्षांतली पहिली खाडाखोड. तिथे तिला रडू फुटलं. शर्त हरल्याचं तिला जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते बिघडलेलं पान लागलं.

घरी जाताना नवरा सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत आला. फाटकापाशी म्हणाला, "बरं केलंस." आणखी चार पावलांनी म्हणाला, "फार बरं केलंस." त्याच्या हिशेबाने हे लांबलचक भाषण होतं.

सकाळी ती भांडी घासत होती, तोच थोरल्यांची हाक आली. "धाकटे, चल."

थोरले चपला हातात घेऊन पुढे आणि ती मागे, अशी वरात त्यांच्या खाचराशी पोचली. नव्या हंगामाची चिखलणी झाली होती, पाणी काठोकाठ तुंबलं होतं. थोरले बांधावर थांबले.

"काल म्हणालीस, पाय टाकला की फुटतात. दाखव."

"तुम्हीच टाका की भाऊजी."

एकाहत्तर वर्षांत या माणसाने त्या चिखलात किती पावलं टाकली असतील, देव जाणे. पण खाली बघत टाकलेलं हे पहिलंच. टाच रुतली आणि भोवती बुडबुड बुडबुड करत पाणी उकळल्यागत झालं. त्यांनी दुसरा पाय टाकला. पुन्हा तेच. ते बघत राहिले.

"हे माझ्या खाचरातून जातं? रोज?"

"रोज. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही. आम्ही लहानपणी याला काय म्हणायचो सांगू का?"

"माहीत आहे," थोरले म्हणाले. "आम्हीही तेच म्हणायचो." आणि एवढा ताठ माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून खो खो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "शर्त मी हरलेलो नाही, हे लक्षात ठेव."

"नाहीच हरलात."

"काल तू गप्प राहिली असतीस तर मी पाणी उतरवलं असतं. आणि जन्मभर मनात धरलं असतं, की हिने काहीतरी फिरवलं असणार. जी बाई आपला जिंकलेला आकडा भर सभेत खाली ओढते, तिचा चव्वेचाळीस मला चालेल. नळी आण. पण मोजायचं तूच. दुसऱ्या कोणी मोजलेलं मी मानणार नाही."

 धाकटी बांधावरून जवळजवळ पळतच घरी गेली. नळी दाराआड सहा वर्षं तयार होती.

थोरल्यांनी खाचराच्या एका कोपऱ्याला स्वतःच्या हाताने बांध घातला, तेवढा तुकडा भरलेला ठेवायचा, तुलनेसाठी. बाकी सगळं उतरतं. त्यांच्यामागून अकरा खाचरं उतरली. नळीत डोकवायला थोरले सकाळ-संध्याकाळ जायचे. पहिल्यांदा जमिनीला केसाएवढी भेग पडली तेव्हा ते धावत धाकटीकडे आले आणि तिने नळीत काडी घालून दाखवलं, पाणी अजून वीतभरही खाली गेलेलं नाही. मोजणीच्या दिवशी ते बांधावर उभे राहायचे. एकदा पेटीशेजारी तण दिसलं आणि त्यांचा हात वळवळायला लागला.

"भाऊजी," धाकटी फळीवरून मान न वळवता म्हणाली, "हात खिशात."

त्यांनी हात खिशात घातले. आता केंद्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मॅडम तिच्या वहीतलं ते खोडलेलं पान दाखवतात, आणि शिकवण्यातला पहिला नियमही तोच, हात खिशात.

हंगामाच्या शेवटी त्याच हॉलमध्ये, त्याच कुरकुरत्या पंख्याखाली, बैठक भरली. आसपासचे बरेच शेतकरी आले होते. मॅडम पडद्याकडे वळणार तोच थोरले छत्री टेकत उठले. आकडा त्यांना आधीच सांगितला होता आणि तो त्यांना पोटात ठेवता येत नव्हता.

"माझ्या खाचराचा आकडा एकोणचाळीस," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

मागून कोणीतरी विचारलं, "अहो, तुमची तर अर्ध्याच्या वरची शर्त होती ना? यंदा आणखीच खाली आला की."

"आला," थोरले म्हणाले आणि मागच्या रांगेकडे वळले, जिथे धाकटी वही मांडीवर घेऊन बसली होती. "पण एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस. आमच्या धाकटीने मोजलेत."